काजळीतली सून

ब्रातिस्लावा, ९ फेब्रुवारी १९९८

प्रिय आई,

चित्र पोचलं. कोपरासुद्धा दुखावला नाही त्याचा. मी मात्र त्याच्यानंतर दोन दिवसांनी पोचलो, कारण मार्तिन गावाच्या पुढं व्हॅन बंद पडली, ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून शिव्या देत बसला आणि मी म्हटलं जरा पाय मोकळे करून येतो. तिथं एक म्हातारा एकाच दोरीला दोन मेंढे बांधून चालला होता. एक मेंढा मार्तिनला जायचं म्हणत होता, दुसरा घरी. मी मदत केली. मग त्यानं आलुबुखाराची दारू पाजली. परत आलो तर व्हॅन गायब. असो.

नोकरी गेली नाही. गॅलरीत हमाल नेहमीच कमी असतात. माझ्या जोडीला कोमार्नोचा गेझा आहे. जड फ्रेम उचलताना तो हंगेरियनमध्ये शिव्या देतो आणि म्हणतो की त्या भाषेत वजन कमी लागतं. आजोबांनी काढलेलं चित्र आम्ही दोघांनी उघडलं. गेझा चार पावलं मागं सरकला. म्हणाला, "ही बाई कुणावर तरी चिडलीय, आणि तो माणूस मी नाही याचा मला फार आनंद आहे."

आपल्या स्वयंपाकघरात ती एवढी मोठी वाटायची नाही गं. तिथं तिच्या खांद्यावर फळीची सावली असायची, पायाशी आजोबांचा बाक. इथं पांढऱ्या भिंतीला टेकवली तर खोली भरून गेली. नुसता काळा आणि पांढरा. चेहरा असा नाहीच, डोळ्याच्या जागी एक खड्डा, मान उजवीकडे मोडलेली, आणि ते हात, एप्रनमध्ये आवळलेल्या मुठी. लहानपणी मला वाटायचं तिनं त्यात माझ्यासाठी खाऊ लपवलाय.

प्रदर्शन मे महिन्यात आहे. विसरलेल्या चित्रकारांचं. ते सगळं डॉक्टर श्टेफ्को बघतात. हे औषधाचे डॉक्टर नाहीत, पुस्तकाचे आहेत, मी पहिल्या दिवशी त्यांना गुडघा दाखवला आणि हसं झालं. ते यादीत चित्राचं नाव लिहीत होते, 'नेवेस्ता, म्हणजे नवरी.' मी म्हटलं, आमच्या घरात नेवेस्ता म्हणजे सून. ते म्हणाले, शब्द एकच आहे, त्यातला अर्थ कुठला ते चित्र सांगेल. त्यांच्या मते ती नवरी म्हणजे अडुसष्ट सालचा आपला देश आहे, रशियन रणगाडे घुसल्यावरचा. गेझा म्हणाला, देश इतका बारीक नव्हता.

तर ती नवरी की सून, आणि साल कुठलं, ते लिही. फोन नको, पोस्टातल्या फोनवर अख्खं स्मरेच्ना ऐकतं. आजोबांना सांग की व्रात्को नोकरीवर टिकलाय.

तुझा व्रात्को


स्मरेच्ना, १७ फेब्रुवारी

व्रात्को,

मेंढे पोचले का घरी? तेवढं लिहायचं राहिलं तुझं.

नवरी कसली? नवरीच्या डोक्यावर मुकुट असतो आणि कमरेला एप्रन नसतो. ती सून आहे. ती मी आहे. सांग तुझ्या डॉक्टरला, चौऱ्याहत्तरचा हिवाळा. तुझ्या आधी एक बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, हे तुला ठाऊक आहे. त्याच्यानंतरची गोष्ट. तुझ्या आजोबांनी चित्र भिंतीला ठोकलं, हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "नेवेस्ता." झालं. पंचवीस वर्षांत या माणसानं माझ्याबद्दल काढलेला तेवढाच शब्द. झेल्मीरा हे माझं नाव त्यांना येतं की नाही, देव जाणे. तुझे वडील ओस्त्रावाच्या खाणीत कामाला गेले तेव्हा माहेरचे म्हणाले, पोराला घे आणि ये निघून. मी नाही गेले. भिंतीवर मी होते, मला कोण उचलून नेणार होतं?

म्हातारा आहे तसाच. उजवं अंग हलत नाही, वाचेतला एकच शब्द उरलाय, 'बरं'. सूप हवंय का? बरं. सूप नको? बरं. काल शेजारची आगाता आली आणि म्हणाली, "वेंदेलीन काका, मी गावातली सगळ्यात देखणी बाई ना?" तर हसले आणि म्हणाले, बरं. ती आज तोच आनंद दुकानात वाटत फिरतेय. म्हटलं, आगाता, त्यांनी कालच बोकडालाही बरं म्हटलंय.

आता एक काम कर. चोवीस वर्षं ते चित्र चार खिळ्यांवर होतं. पुढून मी दर शनिवारी पिसानं झटकलं, पाठ कधी बघितली नाही. जाताना व्हॅनमध्येही ते गोधडीत गुंडाळलेलं होतं. पाठीवर काही लिहिलंय का बघ. साल असेल. नाव असेल. माझंच असेल असं मी म्हणत नाही. बघ फक्त.

लोकरीचे मोजे पाठवलेत. विकू नकोस.

आई


ब्रातिस्लावा, ४ मार्च

प्रिय आई,

मोजे मिळाले, विकले नाहीत, गेझाशी बदलून टोपी घेतली. इथं वारा कानाला लागतो, पायाला नाही.

उत्तराला उशीर झाला कारण मी त्रनावाला गेलो होतो. जायचं नव्हतं. सिगारेट आणायला खाली उतरलो, तर तिथं एक पोरगी मोटरसायकल ढकलत होती. मी ढकलू लागलो, ती सुरू झाली, आणि अर्ध्यावर उतरणं बरं दिसेना. त्रनावात तिच्या मामाचं पिंजऱ्यांचं दुकान आहे. पक्षी नाहीत, नुसते पिंजरे. मी विचारलं, पक्षी का नाही ठेवत? तो म्हणाला, "पक्ष्याला खायला लागतं." मला हे इतकं पटलं की मी तिथं दोन दिवस राहिलो. त्याच्याकडचं चीज मात्र आपल्या चीजसमोर साबण.

इथं डॅन्यूबवरचा बर्फ गेला. ट्रामचं तिकीट महागलं म्हणून मी चालतो. कुणीतरी पुलाच्या कठड्यावर खुर्ची बांधून ठेवलीय, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही, पण रोज एकजण तरी बसतोच.

पाठीवर कोळिष्टकं आहेत. विशेष काही नाही.

आगाता काकूला माझं बरं सांग.

तुझा व्रात्को


स्मरेच्ना, ११ मार्च

व्रात्को,

तीन पानं मोटरसायकल आणि पिंजरे, अर्धी ओळ पाठीला. लहानपणी शाळेची काच फोडून आलास तेव्हाही आधी मला हवामान सांगितलं होतंस.

काय लिहिलंय तिथं?

आई


ब्रातिस्लावा, १६ मार्च

आई,

लिहिलंय. कोळिष्टक पुसलं की दिसतं. सुताराची पेन्सिल, आजोबांचंच अक्षर. 'नेवेस्ता, ६८.' एवढंच. टॉर्च घेऊन चारही कोपरे बघितले. तुझं नाव नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बघितलं होतं. लिहवेना. अडुसष्ट साली तू आमच्या घरात नव्हतीस, आपल्या गावातसुद्धा नव्हतीस. मला वाटलं, थोडे दिवस गेले तर काहीतरी होईल, पेन्सिल आपोआप पुसेल किंवा तू विसरशील. मूर्खपणा. तू आणि विसरणार.

पण गोष्ट इथं थांबत नाही. इथं तामाराबाई आहेत, जुन्या चित्रांची डागडुजी करतात. त्यांनी चित्रावर बाजूनं दिव्याचा उजेड पाडला. खाली दुसरी बाई आहे, आई. तीही काळी-पांढरीच, पण तैलरंगातली, डोक्यावर मुकुट, फिती, सगळं. आपण आजवर जी बघत आलो ती तिच्यावर थापलेली आहे, सरसात कालवलेली काजळी. आणि त्या काजळीत बोटं आहेत. वरून ब्रश फिरलाय, पण मुळात बोटं, बारीक, आजोबांची नव्हेत. आजोबांचा अंगठा माझ्या दोन बोटांएवढा आहे.

डॉक्टर म्हणतात की कुणा अडाणी माणसानं मूळ चित्र बरबाद केलं आणि नंतर ते कसंबसं सावरलं गेलं. वरचं सगळं काढून खालची नवरी मोकळी करायची म्हणतात. काजळी कोमट पाण्याच्या बोळ्यानं निघते. त्याला मालकाची सही लागते, म्हणजे आजोबांची. डॉक्टर त्या सहीसाठी गावी येणार आहेत. कधी ते हमालाला कोण सांगतंय.

तेव्हा आजोबांना एकटं सोडू नकोस. आणि ती बोटं कुणाची ते तुला माहीत आहे का?

तुझा व्रात्को


स्मरेच्ना, २४ मार्च

व्रात्को,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तुझे डॉक्टर गुरुवारीच येऊन गेले.

गुरुवारी सेंट जोसेफ, सगळ्या योसेफांचा नामदिन. या गावात प्रत्येक तिसऱ्या घरात एक योसेफ आहे आणि एकाला शुभेच्छा द्यायच्या राहिल्या तर तो वर्षभर रस्त्यात मान फिरवतो. मी म्हाताऱ्याला रेडिओ लावून दिला आणि आगाताच्या योसेफकडे गेले. एक तास. केकचा एक तुकडा. परत आले तर रस्त्यावर मोटारीच्या चाकांचा चिखल, टेबलावर चॉकलेटचा डबा, त्याखाली सहीच्या कागदाची प्रत. डाव्या हातानं ओढलेली एक वाकडी रेघ, बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या. म्हातारा खुश होता. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी कुणी चित्रांबद्दल बोललं असणार. मी विचारलं, "काय विचारलं त्यांनी तुम्हाला? तिला पुसू का, असं विचारलं?"

बरं, म्हणाले.

मी चॉकलेटचा डबा कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी खाल्लं नाही.

हे थांबव. त्यांना सांग की तो माणूस सगळ्यालाच बरं म्हणतो, दाराला आणि बोकडालाही. सांग की वरचं पुसायचं नाही. का ते विचारू नकोस. थांबव एवढंच. आजवर मी तुला काही मागितलं नाही, नोकऱ्या सोडल्यास, शाळा सोडलीस, घर सोडलंस, मी एक शब्द बोलले का? बोलले असेन. पण मागितलं नाही.

आई


ब्रातिस्लावा, २७ मार्च

आई,

गेलो. धुतलेला शर्ट घालून गेलो. डॉक्टर श्टेफ्को वाईट माणूस नाही, त्यांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, आजोबांना झटका आलाय, ते प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतात. ते म्हणाले, "व्रात्को, मीही वरून आलेल्या प्रत्येक गोष्टीला बरंच म्हणतो, म्हणून माझी सही रद्द होत नाही." ते म्हणाले, त्यांनी आजोबांना खालच्या नवरीचा फोटो दाखवला, दिव्याखाली काढलेला, आणि आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं बोलत नसावेत.

मी म्हटलं, माझी आई नको म्हणते. त्यांनी विचारलं, "आईंचा चित्राशी संबंध काय? मुलगी?" मी म्हटलं, सून. ते गप्प बसले. मला वाटलं शब्द लागला. पण ते सभ्यपणे गप्प बसले होते, कारण कागदावर सुनेला काही अधिकार नसतो हे तोंडावर सांगायचं नव्हतं. नातू म्हणून मी तक्रार लिहून देऊ शकतो, पण त्यात कारण लागतं. मी काय कारण देऊ? आई नको म्हणते?

गेझा म्हणाला आपण चित्र पळवू. आम्ही एका तळघरापर्यंत बेत नेला, मग आठवलं की चित्र त्या तळघराच्या दाराहून रुंद आहे.

काम ईस्टरनंतर सुरू होणार. तोवर कारण लिही. खरं असेल ते लिही, काहीही असलं तरी. तामाराबाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, त्या ऐकतील. पण त्यांना ऐकवायला काहीतरी पाहिजे.

तुझा व्रात्को


स्मरेच्ना, १४ एप्रिल

व्रात्को,

तीनदा लिहिलं आणि चुलीत टाकलं. मग ईस्टर आला, पोस्ट बंद. आज मंगळवार, आज टाकतेच.

ती बोटं माझी आहेत.

तुझ्या वडिलांचं लग्न आधी दुसरीकडे ठरलं होतं. ब्लांका, गावातल्या डॉक्टरची मुलगी. पियानो वाजवायची. तुझ्या आजोबांचा तिच्यावर जीव. ती घरी यायची, यांच्या रंगांच्या वासात बसायची, चित्रांवर बोलायची. हीच आपली सून, असं यांनी गावभर सांगितलं आणि लग्नाआधीच तिला नवरीच्या मुकुटात रंगवली. ऑगस्टात रणगाडे आले. सप्टेंबरात डॉक्टरचं कुटुंब सीमेपलीकडे, तिथून कॅनडात. पळून गेलेल्यांशी संबंध म्हणून पुढं यांची चित्रं कुठल्या प्रदर्शनात लागेनात. पाच वर्षांनी तुझ्या वडिलांनी डेअरीतली मुलगी आणली. ती मी. पियानो नाही, अंगाला ताकाचा वास.

मी त्या घरात आले तेव्हा ब्लांका स्वयंपाकघरात भिंतीवर होती. मी तिच्याखाली पीठ मळलं. सासरे शाळेत शिकवून यायचे, बाकावर बसायचे आणि माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघायचे. कधी वाईट बोलले नाहीत. बोललेच नाहीत.

मग बाळ गेलं. इस्पितळातून आले त्याच्या चौथ्या दिवशी मी चुलीशी उभी होते, छातीत दूध उतरत होतं, प्यायला कुणी नव्हतं. ते आले. बसले. वर बघितलं. मला वाटलं, आज तरी खाली बघतील. नाही बघितलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर मी चुलीचं मागचं दार उघडलं, दोन्ही हात आत काजळीत घातले आणि ती बया सगळी सारवली. तोंड, मुकुट, फिती, पायांपर्यंत.

ते लवकर आले त्या दिवशी. मी तशीच उभी. हात काळे होते म्हणून एप्रनमध्ये लपवले. मार खायची तयारी केली होती. ते माझ्याकडे बघत राहिले, व्रात्को. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं आणि कुणी हललं नाही. मग त्यांनी माझं दुधाचं भांडं घेतलं, त्यात सरस शिजवला, चुलीतली काजळी काढली आणि बसले. तीन दिवस शाळेत गेले नाहीत. माझं एक बोटही त्यांनी पुसलं नाही. जिथं मी ओरबाडलं होतं तिथं मान केली, जिथं थापलं होतं तिथं खांदा. मग ठोकली भिंतीवर आणि तो शब्द म्हणाले.

भांडं फेकावं लागलं. सरसाचा वास जात नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनाही त्यांनीच सांगितलं की जुनं आवडेनासं झालं म्हणून बदललं. मी काय सांगणार होते, मी एका मोठ्या चित्रकाराचं चित्र चुलीतल्या काजळीनं माखलं? आता तुझ्या त्या डॉक्टरला सांग. अडाणी माणूस सापडला म्हणावं. लाज वाटते, पण सांग. पाठीवर नाव नाही तर नाही. पुढून मी आहे.

लवकर जा.

आई


ब्रातिस्लावा, २० एप्रिल

आई,

मी ही पहिली ओळ चारदा लिहिलीय.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी शुक्रवारी संध्याकाळी उघडलं. ईस्टरच्या सोमवारी गेझाबरोबर कोमार्नोला गेलो होतो, सणाच्या रिवाजाप्रमाणे मुलींवर पाणी ओतायला, तिथले लोक एका घरातून दुसऱ्या घरात नेतात आणि सोडत नाहीत. खरं सांगू? सोडतात. मीच राहिलो. एकाच्या बोटीला डांबर लावायचं होतं आणि मला ते बघायचं होतं. चार दिवस.

पत्र वाचलं आणि तसाच पळालो. तामाराबाई बूट घालत होत्या. काम बुधवारीच सुरू झालं होतं. बुधवारी कोपरा, गुरुवारी एक खांदा. शुक्रवारी डोकं.

मी गुरुवारी इथं असतो तर डोकं असतं.

मी त्यांना तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तू म्हणशील का वाचलंस सगळं, पण मला निवडता येईना. त्या एका पायात बूट घालून ऐकत होत्या. 'दूध उतू गेलं आणि कुणी हललं नाही' इथं त्यांनी स्टुलावर बसकण मारली. मग म्हणाल्या, "पोरा, मी तीन दिवस ही बोटं पुसतेय आणि म्हणतेय, कोण हा रानटी." काळ्या बोळ्यांची बादली तिथंच होती. मी विचारलं, परत लावता येईल का? मूर्ख प्रश्न. त्यांनी मान हलवली. काजळी पाण्यात गेली ती गेली.

नवरी चांगली निघालीय. हेही लिहितो, कारण मोजे विकण्यापेक्षा खोटं बोलण्याचा तुला जास्त राग येतो. मुकुट आहे, कपाळ आहे, ओठ थोडे उघडे. सगळे तिला बघायला येतात. शनिवारी वर्तमानपत्राचा फोटोवाला येऊन गेला. मी तिच्याकडे बघितलं की मला काहीच वाटत नाही, आणि मग वाईट वाटतं, कारण तिनं तरी काय केलंय.

मानेच्या खाली अर्ध्या छातीपासून तूच आहेस. हात आहेत. आता मला कळतंय त्या मुठी का आवळल्यात. मी तिथं बराच वेळ उभा होतो, गेझा येऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि त्यानं चक्क काही विनोद केला नाही.

तामाराबाईंनी काम थांबवलंय. डॉक्टर श्टेफ्कोंनीही पत्र वाचलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. ते म्हणतात असं अर्धवट लावता येत नाही, वर एक बाई आणि खाली दुसरी, लोकांना वाटेल आमची चूक झाली. मी म्हटलं, झालीच आहे. ते म्हणाले, हो. आता दोनच वाटा. उरलेली काजळीही काढायची आणि नवरी पुरी करून प्रदर्शनात लावायची. नाहीतर आहे तशी तळघरात ठेवायची, कुणाला न दाखवता, किंवा घरी परत पाठवायची. या वेळी ते म्हणाले, तुमच्या आईंना विचारा. आता विचारतायत.

काय सांगू? घरी पाठव म्हणालीस तर मी स्वतः व्हॅनमध्ये बसेन आणि कुठंही उतरणार नाही.

तुझा
व्रात्को


स्मरेच्ना, ४ मे

व्रात्को,

रडून लिहिलंस असं शाईवरून दिसतं. पुरे. तू गुरुवारी असतास तरी मी पत्र ईस्टरच्या आधी टाकायला हवं होतं. दोन आठवडे मी लाजत बसले, तू चार दिवस बोट बघत बसलास. हिशेब करायचा तर माझं जास्त भरेल.

वर्तमानपत्र आगाताच्या योसेफनं आणलं. फोटो बघितला. ब्लांकाच आहे. हनुवटी तशीच. तूही कडेला दिसतोस, टोपी नाही घातलेलीस.

काय सांगू म्हणतोस. मी दोन आठवडे विचार केला. घरी आणली तर रोज जेवताना वर तिचं डोकं, खाली माझे हात. पुरी पुसली तर मी त्या घरात होते याला पुरावा काय, तू सोडून, आणि तू कुठं असशील देव जाणे. तळघरात ठेवली तर म्हाताऱ्याचं नाव पुन्हा अंधारात जाईल आणि तीस वर्षांनी कुणीतरी त्याचं नाव घेतलंय. या तिन्हींतलं मला एकही म्हणता येत नाही. तोंडापर्यंत येतं आणि थांबतं.

मग म्हटलं, ज्यानं काढलं त्यालाच विचारावं. शब्दांत विचारून उपयोग नाही. काल रविवारी त्यांना उचलून खिडकीशी बसवलं, वर्तमानपत्र समोर ठेवलं. बघितलं त्यांनी. मग मी चुलीचं मागचं दार उघडलं, बोट फिरवलं आणि त्यांच्या डाव्या तळहातावर काजळी ठेवली. मांडीवर पुठ्ठा दिला. म्हटलं, "काहीतरी करा. रेघ ओढा, फुली मारा. ती ठेवायची की मी, एवढंच." पहिल्यांदाच त्यांच्याशी असं बोलले.

ते हाताकडे बघत राहिले. मूठ मिटली, उघडली. मला वाटलं आठवतंय. मग त्यांनी माझा एप्रन ओढला आणि हात पुसला.

ते झोपल्यावर मी एप्रन काढला आणि उजेडात धरला. चार रेघा होत्या, एक जाड. उभा धरला, आडवा धरला, उलटा केला. कुठं मान आहे का, खांदा आहे का. आगाताला बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, बघ, काय दिसतं? तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "झेल्का, कुणीतरी हात पुसलाय गं."

तुझ्या डॉक्टरला काय सांगायचं ते तुला सुचलं तर तू सांग. मला नाही सुचलं.

एप्रन आज धुतला. दोनच आहेत.

आई